विश्वाला आरंभ होता हे कसे ठरले? प्रसरणाच्या आजच्या वादामागची पार्श्वभूमी

विश्व किती वेगाने प्रसरण पावते आहे, या प्रश्नाची सध्या दोन उत्तरे मिळतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. प्लँक उपग्रहाने नोंदलेल्या आदिम प्रारणावरून, म्हणजे तापलेल्या आरंभकाळातून उरलेल्या प्रारणावरून, २०१८ मध्ये काढलेला आकडा दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला ६७.४ किलोमीटर आहे. सेफीड तारे (ठरावीक काळाने उजळणारे-मंदावणारे) आणि अतिनवतारे (स्फोट पावणारे तारे) यांच्या साह्याने दीर्घिकांची अंतरे मोजून २०२२ मध्ये काढलेला आकडा आहे ७३.०४. पहिल्यात चुकीची शक्यता अर्ध्या किलोमीटरची, दुसऱ्यात एका किलोमीटरहून जराशी अधिक. एवढा फरक योगायोगाच्या खात्यात टाकता येत नाही. त्यातच २०२४ आणि २०२५ मध्ये ॲरिझोनातल्या किट पीकवरून झालेल्या दीर्घिकांच्या सर्वेक्षणाने, प्रसरणाचा वेग वाढवणारी कृष्ण ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी अशी शक्यता पुढे आणली. लगेच महास्फोट सिद्धान्त, म्हणजे विश्वाला तापलेला आरंभ होता हे मत, कोसळल्याची भाषा सुरू झाली. मराठीत ही चर्चा निघाली की आणखी एक सूर हमखास लागतो: म्हणजे महास्फोट नाकारणारा आपला माणूस, जयंत नारळीकर, बरोबर होता तर!

या बोलण्यात तथ्य किती आणि उत्साह किती, हे कळायला १९४८ ते १९६५ या सतरा वर्षांकडे जावे लागते. विश्वाला आरंभ होता की नव्हता, हा प्रश्न वेधांच्या आधारे निकालात निघाला तो त्या काळात. निकाल बरोबर लागला. पण ज्या पुराव्यामुळे तो लागला असे वर्षानुवर्षे सांगितले जाते, तो पुरावा त्या वेळी सर्वांत कच्चा होता.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात पुरतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त सृष्टीच्या आरंभाविषयी प्रश्न विचारते आणि उत्तर मोकळे ठेवते, हा त्याचा खरा मोठेपणा. पुराणांतला ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, आणि हा आकडा पृथ्वीच्या सुमारे ४५४ कोटी वर्षांच्या वयाजवळ येतो म्हणून तो पुष्कळांना भुरळ घालतो. मात्र त्यामागे कोणतेही मोजमाप नव्हते, आणि जुळलेल्या आकड्याला शोध म्हणणे हा त्या कल्पनेवरही अन्यायच आहे. मोजमापाचे विश्वशास्त्र सुरू झाले १९१७ नंतर. त्या वर्षी सापेक्षतेच्या समीकरणांत एक जादा पद घालून विश्व स्थिर ठेवण्याचा प्रयत्न झाला. १९२२ मध्ये रशियातून प्रसरणाची गणिती उत्तरे आली. १९२७ मध्ये बेल्जियममधल्या एका धर्मगुरू-गणितज्ञाने प्रसरणाचा दरही काढून दाखवला, पण तो फ्रेंचमध्ये आणि फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात छापला गेला. १९२९ मध्ये माउंट विल्सनच्या वेधांवरून तोच संबंध पुन्हा मांडला गेला आणि श्रेय अमेरिकेकडे गेले. २०१८ मध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून त्या नियमाला दोघांची नावे दिली, तेव्हा ७८ टक्के मते बाजूने पडली.

१९२९ चा दर होता सुमारे ५००, आजच्या आकड्याच्या सातपट. तो खरा मानला तर विश्वाचे वय जेमतेम दोन अब्ज वर्षे भरत होते, आणि किरणोत्सारावरून काढलेले खडकांचे वय त्याहून जास्त येत होते. लेक आईपेक्षा मोठी, असा हा पेच. त्यातून सुटण्याचे दोन मार्ग होते. एक, अंतरे चुकली आहेत असे म्हणून ती पुन्हा मोजणे. दोन, विश्वाला वयच नाही असे म्हणणे.

दुसरा मार्ग १९४८ मध्ये केंब्रिजच्या तिघांनी धरला. विश्व प्रसरण पावते हे त्यांना मान्य होते; पण दीर्घिका दूर जाताना रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते, त्यामुळे विश्वाचे सरासरी रूप सदासर्वकाळ सारखेच राहते, असे त्यांनी मांडले. हाच स्थिर स्थिती सिद्धान्त. द्रव्यनिर्मितीचा दर इतका क्षुल्लक होता की प्रयोगशाळेत तो पकडण्याची आशाच नव्हती: एका घनमीटरात अब्जावधी वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. आज ही कल्पना विचित्र वाटते. पण संपूर्ण विश्व एका क्षणी आणि कोणत्याही कारणाशिवाय अवतरले, ही कल्पना त्या काळी कमी विचित्र वाटत नव्हती. शिवाय या सिद्धान्तात एक गुण होता, ज्याची कदर त्याच्या विरोधकांनीही केली: तो खोटा ठरवणे सोपे होते. दूरवर, म्हणजेच भूतकाळात, विश्व वेगळे दिसले की संपला. १९४९ च्या मार्चमध्ये या तिघांपैकी एकाने ब्रिटिश रेडिओवर बोलताना विरोधी मताला ‘बिग बँग’ म्हटले आणि ते नाव चिकटले. दोन वर्षांनी खुद्द पोपनी आपल्या भाषणात विश्वाच्या आरंभाची सांगड सृष्टिनिर्मितीशी घातली. बेल्जियमच्या त्या धर्मगुरूलाही हे रुचले नाही, कारण त्याच्या समीकरणांचा त्याच्या श्रद्धेशी संबंध जोडला जावा असे त्याला वाटत नव्हते. पण वादाला धर्माचा रंग चढायचा तो चढलाच.

पहिला मार्गही दरम्यान खुला झाला होता. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे मंदावले, माउंट विल्सनवर काळोख मिळाला आणि देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे सुटे दिसले. ताऱ्यांच्या दोन पिढ्या आहेत, सेफीडही दोन प्रकारचे आहेत, हे त्यातून पुढे आले. १९५२ मध्ये रोमच्या परिषदेत दीर्घिकांची अंतरे एका फटक्यात दुप्पट झाली. १९५८ पर्यंत प्रसरणाचा दर ७५ च्या आसपास उतरला. वयाचा पेच सुटला, आणि त्याबरोबर स्थिर स्थिती सिद्धान्ताची एक मुख्य गरजही गेली. तरी सिद्धान्त मोडला नव्हता. तो मोडण्यासाठी पुढे आली रेडिओ स्रोतांची, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या दूरच्या वस्तूंची, मोजणी.

ही मोजणी नीट समजून घेण्यासारखी आहे. आकाशातल्या रेडिओ स्रोतांची तीव्रतेनुसार गणना करायची. स्रोत सर्वत्र सारखे पसरलेले असतील आणि अवकाश साधे असेल, तर तीव्रतेची मर्यादा एकचतुर्थांश केल्यावर दुप्पट अंतरापर्यंत दिसते, म्हणजे आठपट आकारमान आणि आठपट स्रोत. स्थिर स्थितीच्या प्रसरणशील विश्वात ही वाढ आठपटीहून थोडी कमीच भरायला हवी. ती जास्त भरली तर त्याचा अर्थ असा की दूरवर, म्हणजे पूर्वी, स्रोतांची दाटी अधिक होती किंवा ते अधिक प्रखर होते. मग विश्व बदलत आले आहे हे ठरते.

१९५५ मध्ये केंब्रिजच्याच रेडिओ गटाने १,९३६ स्रोतांची यादी तयार केली. तिच्यात वरच्या हिशेबाने वाढ दिसत होती आठपटीऐवजी चौसष्टपट. गटाच्या प्रमुखाने स्थिर स्थिती सिद्धान्त यातून वाचत नाही असे जाहीर केले. पण त्याच सुमारास सिडनीजवळ वेगळ्या रचनेच्या दुर्बिणीने दक्षिणेचे आकाश मोजले जात होते, आणि दोन्ही ठिकाणांहून दिसणाऱ्या पट्ट्यातल्या याद्या समोरासमोर ठेवल्या तेव्हा त्या जुळेनात. सिडनीची वाढ साध्या अवकाशाच्या अपेक्षेच्या बरीच जवळ होती आणि उरलेला फरक उपकरणाच्या मर्यादेतून येऊ शकतो असे सिडनीकरांचे म्हणणे होते. केंब्रिजच्या यादीतून काढलेल्या विश्वशास्त्रीय निष्कर्षांना आधार नाही, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत छापले. चूक कुठे होती तेही लवकरच कळले. केंब्रिजच्या दुर्बिणीचा झोत रुंद होता. त्यात एकाच वेळी अनेक मंद स्रोत शिरत आणि नोंदीत एक ठळक स्रोत म्हणून उमटत. यादीतले असे पुष्कळ स्रोत आकाशात त्या जागी नव्हतेच.

अधिक उच्च कंप्रतेवर नवे वेध घेऊन १९५९ मध्ये सुधारित यादी आली. तिच्यात ४७१ स्रोत होते. त्यापुढच्या, अधिक खोल सर्वेक्षणातून १९६१ मध्ये वाढ निघाली सुमारे बारापट. चौसष्टवरून बारावर! निष्कर्षाची दिशा तीच राहिली आणि निष्कर्षाचे बळ पार बदलले. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत एका ओळीत आवरतात. माझ्या मते त्या सर्व वादाचा गाभा तिथेच आहे. आधीच्या चौसष्टपटीइतक्याच ठामपणे आता बारापटही सांगितली जात होती. फेब्रुवारी १९६१ मध्ये लंडनमध्ये पत्रकार परिषद झाली. स्थिर स्थिती सिद्धान्ताचा सर्वांत लढाऊ पुरस्कर्ता, ‘बिग बँग’ हे नाव देणारा तोच, तिथे सपत्नीक आमंत्रित होता, आणि समोर काय मांडले जाणार याची त्याला पूर्वकल्पना दिलेली नव्हती. संध्याकाळच्या वृत्तपत्रांनी बातमीचा धागा बायबलपर्यंत नेला.

त्यानंतर खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत उत्तर देण्याची वेळ आली. पुरस्कर्त्याला जाणे शक्य नव्हते, म्हणून त्याने आपल्या बावीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याला उभे केले. कोल्हापूरला जन्मलेला आणि बनारसला वाढलेला हा विद्यार्थी म्हणजेच जयंत नारळीकर. त्याचा मुद्दा असा होता: स्रोत सर्वत्र सारखे पसरलेले आहेत हे गृहीतच तपासा. ते सुमारे १५ कोटी प्रकाशवर्षांच्या मोठ्या पुंजक्यांत असतील आणि आपण एखाद्या विरळ भागात असू, तर जवळचे ठळक स्रोत कमी सापडतील, आणि त्यामुळेच मंद स्रोतांची वाढ फुगलेली दिसेल. म्हणजे मंद स्रोत जास्त आहेत की ठळक स्रोत कमी आहेत, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नव्हते, कारण यादीत ठळक स्रोत मुळातच मूठभर होते. एवढे मोठे पुंजके असतात हे तेव्हा बहुतेकांना पटले नाही आणि युक्तिवाद ओढूनताणून आणलेला वाटला. नंतरच्या दशकांत दीर्घिकांचे महासमूह आणि त्यांच्यामधल्या पोकळ्या खगोलशास्त्राचा नेहमीचा विषय झाल्या. १९८१ मध्ये भूतप तारकासमूहाच्या दिशेला एक अवाढव्य पोकळी सापडली. २०१७ मध्ये पुण्याच्या खगोलशास्त्रज्ञांनी मीन राशीच्या दिशेला सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षांवर ‘सरस्वती’ महासमूह शोधला, त्याचा पसारा ६० कोटी प्रकाशवर्षांचा आहे. १९६१ मध्ये ज्या गृहीतासाठी टीका सोसावी लागली त्याच्या चौपट मोठी रचना.

तरीही सांगायलाच हवे की मुख्य प्रश्नावर केंब्रिजचा रेडिओ गट बरोबर होता. पुंजके खरे निघाले, पण मोजणीतली वाढ पुंजक्यांमुळे नव्हती. पूर्वीच्या काळी प्रखर रेडिओ स्रोत खरोखरच कैक पटींनी अधिक होते. १९६३ मध्ये क्वेसारची (अतिदूरच्या, अतिप्रखर वस्तूंची) ताम्रसृती, म्हणजे दूर जाण्यामुळे त्यांचा प्रकाश लाल बाजूला सरकणे, उलगडली आणि त्यांची दाटीही भूतकाळातच असल्याचे पुढे दिसत गेले. १९६४ मध्ये विश्वातल्या हीलियमचा हिशेब मांडला गेला: ताऱ्यांमधून एवढे हीलियम बनू शकत नाही, कधीतरी सर्व द्रव्य फार तापलेले असले पाहिजे. हा हिशेब मांडणाऱ्या दोघांपैकी एक स्थिर स्थितीचा तोच पुरस्कर्ता होता, आणि स्वतःच्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट त्याने लपवली नाही. मग १९६५ मध्ये न्यू जर्सीतल्या होल्मडेलच्या शिंगासारख्या अँटेनात सर्व दिशांनी सारखा येणारा साडेतीन केल्व्हिनचा खरखराट जाहीर झाला: तेच ते आदिम प्रारण. १९४८ मध्येच पाच केल्व्हिनचे भाकीत छापून आले होते, पण ते शोधायला कुणी गेले नव्हते. सिद्धान्त मोडला तो या प्रारणाने. १९६१ च्या मोजणीने मोडला असे म्हणणे ही नंतरची सोय आहे.

यातला भारतीय धागा फारसा सांगितला जात नाही. उटीजवळच्या डोंगरउतारावर १९७० मध्ये ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. चंद्र रेडिओ स्रोतासमोरून जाताना स्रोत कसा झाकला जातो यावरून तिने शेकडो मंद स्रोतांचे आकार मोजले, आणि १९७५ मध्ये निघालेला निष्कर्ष स्थिर स्थितीच्या विरोधात होता. ही दुर्बीण चालवणारी मुंबईची संस्था तीच, जिथे कोल्हापूरचा तो संशोधक १९७२ मध्ये केंब्रिज सोडून रुजू झाला होता. एकाच छताखाली दोन्ही बाजू काम करत होत्या, आणि माझ्या दृष्टीने भारतीय विज्ञानाच्या इतिहासातली ही अभिमानाची जागा आहे. १९८८ मध्ये पुण्यात विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राचे केंद्र त्याने उभे केले, तिथेही महास्फोटावर काम करणाऱ्यांची संख्याच अधिक राहिली. १९९३ मध्ये त्याने आणि दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांनी स्थिर स्थितीची सुधारित आवृत्ती मांडली. तिच्यात आदिम प्रारणाचे स्पष्टीकरण ताऱ्यांच्या प्रकाशावरून आणि अवकाशात विखुरलेल्या लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंवरून दिले होते. ते स्पष्टीकरण टिकले नाही. कोबे उपग्रहाने १९९० मध्ये प्रारणाचा वर्णपट तापलेल्या आदर्श वस्तूच्या वर्णपटाशी जवळजवळ निर्दोष जुळत असल्याचे दाखवले, १९९२ मध्ये लाखात एक इतके सूक्ष्म चढउतार टिपले, आणि पुढे त्या चढउतारांची तपशीलवार रचना महास्फोटाच्या गणिताशी जुळत गेली. मे २०२५ मध्ये पुण्यात त्याचे निधन झाले, तेव्हा मृत्युलेखांत ‘महास्फोट नाकारणारा’ हे विशेषण ठळक होते. त्याने काय नाकारले यापेक्षा कोणता पुरावा मागितला हे अधिक महत्त्वाचे आहे.

१९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दूरच्या अतिनवताऱ्यांवरून प्रसरणाचा वेग वाढतो आहे असे दाखवले. वाढता वेग हे स्थिर स्थिती सिद्धान्ताचे मूळचेच भाकीत होते. त्यामुळे तो सिद्धान्त परत येत नाही, पण नोंद व्हायला हवी. १९१७ चे ते जादा पद मात्र परत आले, कृष्ण ऊर्जा या नावाने, आणि आज विश्वाच्या आशयात त्याचा वाटा सुमारे ६८ टक्के धरला जातो. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे, दृश्य विश्वाची त्रिज्या सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षे. ही त्रिज्या म्हणजे विश्वाची कड नव्हे; त्यापलीकडे काय आणि किती, याला वेधांनी उत्तर देता येत नाही. दुसरी एक मर्यादा याहून जवळ आहे. आज सुमारे १६ ते १७ अब्ज प्रकाशवर्षांपलीकडे असलेल्या दीर्घिकेतून आत्ता निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही. पण हे विधान कृष्ण ऊर्जा कायम तितकीच राहील या अटीवर उभे आहे.

किट पीकच्या सर्वेक्षणाचे महत्त्व इथे आहे. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या विश्लेषणात दीड कोटीच्या आसपास दीर्घिका आणि क्वेसार आहेत. कोणते अतिनवतारे जोडीला घ्यावेत त्यानुसार कृष्ण ऊर्जा बदलत असल्याचा संकेत २.८ ते ४.२ सिग्मा भरतो; निष्कर्ष निव्वळ योगायोग असण्यापासून किती दूर आहे, याचे हे माप. पाच सिग्माला शोध म्हणण्याची पद्धत आहे. शिवाय अतिनवताऱ्यांचा संच बदलला की उत्तर इतके हलत असेल, तर मला प्रश्न आधी त्या संचांना विचारावासा वाटतो. खरे ठरले तरी त्याने विश्वाच्या आरंभाला धक्का बसत नाही. बदलते ते भवितव्य, आणि वरची दुसरी मर्यादा.

प्रसरणाच्या दराचा वाद मात्र थेट १९५५ च्या अडचणीशी येऊन भिडतो. १९७० आणि ८० च्या दशकांत एक गट ५० म्हणत होता, दुसरा १००. हबल दुर्बिणीने २००१ मध्ये ७२ हा आकडा दिला आणि वाद मिटल्यासारखा वाटला. चुकीची मर्यादा तेव्हा आठ होती. ती एकावर आल्यावर ६७ आणि ७३ मधली भेग उघडी पडली. संशयाची पहिली सुई सेफीडांकडे वळली. दूरच्या दीर्घिकेत सेफीडच्या शेजारी इतर तारे दाटीने असतात, त्यांचा उजेड त्यात मिसळला तर सेफीड अधिक तेजस्वी भासतो, अंतर कमी भरते आणि दर वाढतो. केंब्रिजच्या रुंद झोतात झाले होते तसेच हे मिसळणे. वेब दुर्बिणीची दृष्टी हबलपेक्षा तीक्ष्ण असल्याने तिने तेच सेफीड पुन्हा पाहिले, आणि २०२४ मध्ये मोजणाऱ्या गटाने सांगितले की मिसळलेल्या उजेडाने हा फरक पडलेला नाही. त्याच दुर्बिणीने लाल राक्षसी ताऱ्यांवरही भर देणाऱ्या दुसऱ्या गटाचे उत्तर ७० च्या जवळ येते, म्हणजे दोन्हींच्या मधोमध. एकाच दुर्बिणीचे वेध घेणारे दोन गट अजून एकमेकांना पटवू शकलेले नाहीत.

अंतरांच्या या शिडीला पूर्ण वगळणारा एक मार्ग आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. टक्करीतून अवकाशात उठलेल्या गुरुत्वीय लहरींच्या आकारावरूनच त्यांचे अंतर मिळाले, दीर्घिकेच्या ताम्रसृतीवरून वेग मिळाला, आणि दर निघाला ७०. चुकीची मर्यादा वर १२, खाली ८, म्हणजे निवाड्यासाठी निरुपयोगी. अशा पन्नासेक घटना हाती आल्या तर ती दोन टक्क्यांवर येईल असा अंदाज होता, पण प्रकाशातही दिसलेली तशी दुसरी न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर त्यानंतर लहरींत सापडलेली नाही. टक्कर आकाशात नेमकी कुठे झाली हे ठरवायला एकमेकांपासून दूरदूर असलेल्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळा लागतात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा त्यासाठी मंजूर झाली आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मान्यता मिळाली. ती सुरू झाली की भारताच्या बाजूने दिशा पकडता येईल आणि दुर्बिणींना नेमक्या दीर्घिकेकडे वळवता येईल.